सुशीलाबाईंचे तेवीस वस्तरे

दर बुधवारी दुपारी सुशीलाबाई पुण्याजवळच्या मांजरीहून बस धरून जुन्या बाजारात जायच्या, आणि घरात ही फेरी भजनी मंडळाच्या नावावर खपत असे. निदान पहिलं वर्षभर तरी खपली. मग एकदा त्यांची सून अपेक्षा कपाटात चादरी शोधत होती, तेव्हा तिच्या हाताला बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा लागला. तिनं तो उघडला आणि पलंगावर बसूनच राहिली. आत मलमलीच्या तुकड्यांत एकेक करून गुंडाळलेले अकरा वस्तरे होते. पूर्वी न्हावी दाढी करायला वापरायचे तसले, मुठीत मिटणारे.

"आई, हे काय आहे?" सुशीलाबाई खोलीत आल्यावर तिनं विचारलं.

"वस्तरे."

"ते दिसतंय मला. पण आपल्याकडे कशाला?"

सुशीलाबाईंनी डबा तिच्या मांडीवरून उचलला आणि झाकण दाबून बसवलं. "लोक टाकून देतात. मी आणून नीट करते."

"आणि मग?"

"मग काय. मग ठेवते."

अपेक्षा पुन्हा चादरी शोधायला लागली. ती समजूतदार मुलगी. पण तिचं ते "आणि मग?" सुशीलाबाईंच्या डोक्यात बरेच दिवस घोळत राहिलं.

त्या मूळच्या कारंज्याकडच्या. वडिलांचं एसटी थांब्यामागे पत्र्याचं दुकान होतं. एक खुर्ची, एक आरसा आणि भिंतीला टांगलेली धोकटी, म्हणजे वस्तरे, कात्र्या, तुरटी असं सगळं सामान ठेवायची चामड्याची पिशवी. भाऊ सीताराम तीन वर्षांनी मोठा. तो शाळा सुटली की दुकानात बसायचा. सुशीला घरी. पण दुपारी वडील जेवायला आले की ती त्यांचे वस्तरे घेऊन दगडापाशी बसायची. आधी नुसती खेळ म्हणून बसली. वडिलांनी एकदा दाखवलं, पातं दगडावर आडवं ठेवायचं, पाठ आणि धार दोन्ही टेकली पाहिजेत, आणि दुधावरची साय काढावी तसं अलगद पुढं न्यायचं. "दगडाले दाबू नको," ते म्हणाले, "दगड आपलं काम जानते." नवव्या वर्षी तिनं लावलेली धार त्यांनी अंगठ्याच्या नखावर तपासली आणि वस्तरा सरळ धोकटीत टाकला. बाराव्या वर्षापर्यंत दुकानातले सगळे वस्तरे तिच्याकडे आले. शेजारच्या गावचे कारागीरही आपापले वस्तरे फडक्यात बांधून पाठवू लागले.

तेराव्या वर्षी तिनं विचारलं, मी एखाद्याची दाढी करू का? वडील हसले. वाईट नाही हसले, पण हसले. "पोरीच्या हातानं दाढी कोन करून घेईन, सुशे?"

अठराव्या वर्षी लग्न होऊन ती पुण्याला आली. नवरा हडपसरला कारखान्यात होता. भला माणूस. दर रविवारी नवं ब्लेड लावून तो स्वतःची दाढी करायचा आणि जुनं ब्लेड कागदात गुंडाळून कचऱ्यात टाकायचा. ती ते बघायची. टाकायची धार तिला पहिल्यांदाच दिसत होती.

मुलगा सुदर्शन दोन वर्षांचा असताना वडील गेले. तेरावं आटोपल्यावर पाहुणे अंगणात बसले होते, आणि सुशीलाबाईंनी भावाजवळ एकच गोष्ट मागितली. "दादा, बाबाचा काळ्या मुठीचा वस्तरा मले दे." तो वडिलांचा आवडता वस्तरा. शिंगाच्या मुठीवर त्यांच्या अंगठ्यानं झिजून खोलगट खूण पडली होती. सीतारामनं मान वर न करता म्हटलं, "बाईमानसाले कायले पायजे वस्तरा?"

चार माणसांत म्हटलं. कुणीतरी हसलंही. त्यांनी पुन्हा कधी तो विषय काढला नाही. दर राखीपौर्णिमेला भावाला राखी मात्र जात राहिली, आधी पाकिटातून, मग कुरिअरनं.

नवरा वारला त्याला आता सात वर्षं झाली. तो गेल्यावर काही महिन्यांनी त्या कुकरचं जुन्या बनावटीचं झाकण शोधायला जुन्या बाजारात गेल्या. तिथं शमशुद्दीन नावाचा साठीचा एक दुकानदार ताडपत्रीवर पक्कडी, कुलपं, बिजागऱ्या मांडून बसला होता. जुन्या लोखंडाचा धंदा त्याच्या घरात आजोबांपासूनचा. त्या ढिगात एक वस्तरा पडलेला होता. सुशीलाबाईंनी तो उचलला. सांधा गंजून धरला होता. त्यांनी जोर लावून उघडला आणि पात्यावर नखानं टिचकी मारली. बारीक, लांबणारा आवाज आला. पोलाद अजून जिवंत होतं.

"ताई, भाजी चिरायला चालणार नाही हो तो," शमशुद्दीन म्हणाला.

"माहीत आहे."

"मग? भाऊजींवर रागावलात की काय आपण?"

"ते वारले."

शमशुद्दीननं कान पकडला. वस्तरा त्यानं वर्तमानपत्रात नीट बांधून दिला आणि म्हणाला, "पुढच्या वेळी तोंड सांभाळून बोलेन. आपण या मात्र." तेव्हापासून कुठल्याही घरच्या अडगळीतून वस्तरा आला की तो बाजूला काढून ठेवायचा आणि सुशीलाबाई आल्या की पुढं सरकवायचा.

घरी त्या कामाला बसायच्या त्या बाल्कनीत, मुलगा आणि सून ऑफिसला गेल्यावर. वस्तरा आधी तीन दिवस तेलात. मग पाणी लावून बारीक पॉलिश पेपरनं, बोटानंच, पात्याच्या लांबीत घासायचा. यंत्राच्या चाकाला त्या कधी लावत नसत. चाकावर पोलाद तापतं, आणि एकदा तापून त्याचं पाणी, म्हणजे कडकपणा, उतरलं की कुणाच्या बापाला धार लावता येत नाही. गंजाचे खोल खड्डे त्या तसेच ठेवत. ते काढायच्या नादात पातंच संपतं. मूठ फुटलेली असेल तर मोडक्या शिसवी पोळपाटाच्या लाकडातून नवी कोरायची, पितळी तारेची खीळ घालून छोट्या हातोडीनं बसवायची. शेवटी दगड, आणि दगडानंतर नवऱ्याचा जुना कमरेचा पट्टा, बाल्कनीच्या गजाला बांधून ताणलेला. त्याच्यावर वस्तरा परजायचा. डबा सापडला त्यानंतर दोन महिन्यांनी अपेक्षानं आपण होऊन इंटरनेटवरून एक बारीक जपानी दगड मागवला होता. "रिव्ह्यूज चांगले होते," एवढंच म्हणून तिनं तो ओट्यावर ठेवला होता.

कंगव्यात अडकलेला आपलाच पांढरा केस सुशीलाबाई चिमटीत उभा धरायच्या आणि धार नुसती टेकवायच्या. केस तुटून पडायचा, चिमटीला समजायचंही नाही. मग वस्तरा मलमलीत गुंडाळून डब्यात. असे तेवीस झाले.

पण स्वयंपाक व्हावा आणि जेवायला कुणीच येऊ नये तसं होतं ते. बसमध्ये बसल्या की त्यांचं लक्ष माणसांच्या चेहऱ्यांकडे जाई. ह्याच्या मानेवरचे केस उलटे आहेत, वरून खाली घेतले तर ओरखडेल. ह्याच्या हनुवटीला खळी आहे, तिथं वस्तरा तिरपा धरायला हवा. त्या म्हातारबाबांचा गाल आत गेलाय, त्यांना आतून जिभेनं फुगवायला सांगावं लागेल. एखादा माणूस चमकून बघायचा, मग त्या खिडकीबाहेर बघायच्या. सुदर्शननं तर फॅशनची दाढी राखलेली, यंत्रानं कापायचा. एकदा भीत भीत त्यांनी विचारलं, तर म्हणाला, "आई, ऑफिसला उशीर होतोय," आणि खरंच होत होता.

यंदा जुलैमध्ये भाच्याचा फोन आला. सीतारामचे हात दोन वर्षांपासून कापत होते. दुकान बंद होतं. पुण्यात चांगला डॉक्टर आहे म्हणतात, तर आणू का? सुशीलाबाई म्हणाल्या, "विचारतो कायले?"

भाचा त्याला सोडून परत गेला. सोफ्यावर बसलेला भाऊ त्यांना ओळखू येईना. गालांवर तीन आठवड्यांची पांढरी खुंटं. ज्यानं पन्नास वर्षं गावाच्या दाढ्या केल्या त्याचीच ही दशा. चहा त्यांनी अर्धाच भरला, स्टीलच्या पेल्यात. त्यानं दोन्ही हातांनी तो तोंडाला लावला, तरी सदऱ्यावर सांडला. अपेक्षानं हळूच सुचवलं, "मामा, यांचा ट्रिमर आहे, मी देऊ का?"

"नको बेटा," तो म्हणाला. "ते घुर्र घुर्र मले नाई सहन होत."

चौथ्या दिवशी डॉक्टरकडे गेले. डॉक्टर बराच वेळ बोलले. गोळ्यांनी कंप कमी होईल, जाणार नाही. काय काम करता, असं विचारल्यावर सीतारामनं सांगितलं, आणि डॉक्टर म्हणाले, ते काम आता नको. परतताना रिक्षात तो उजवा हात मांडीखाली दाबून बसला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी मुलगा-सून बाहेर पडल्यावर सुशीलाबाईंनी डबा आणून त्याच्यासमोर ठेवला. माहेरचं माणूस घरात आलं होतं आणि या डब्यात काय आहे ते ओळखणारा सगळ्या पुण्यात तो एकटाच होता.

"हे कोनाचे?"

"माये."

त्यानं एक उचलला. हात कापत होता, त्यामुळे मूठ पात्यावर टकटक वाजायला लागली. त्या मदतीला सरसावल्या तर त्यानं मानेनं नको म्हटलं. कोपर गुडघ्यावर टेकलं, डाव्या हातानं उजवं मनगट घट्ट धरलं आणि वस्तरा उघडून धार अंगठ्याच्या नखावर ठेवली. मग तो तसाच थांबला.

"धार कोनं लावली?"

"मी."

"सगळ्याइले?"

"हो."

त्यानं दुसरा घेतला, तिसरा घेतला. पाचव्यानंतर थांबला. वस्तरे त्यानं मलमलीत पुन्हा गुंडाळायचा प्रयत्न केला, ते जमेना, तेव्हा त्यांनी गुंडाळले.

"तू मांगितला होता ना," तो म्हणाला. "बाबाचा. काळ्या मुठीचा."

"जुनी गोष्ट हाय, दादा."

"नाई हाय तो. भंगारवाल्याले देऊन टाकला. ते नव्या पानाचे वस्तरे आले, गिऱ्हाईक म्हने दरवेळी नवं ब्लेड पायजे. तवा सगळेच देले."

"बाबाचाही?"

"तो सगळ्यात पयले देला."

इतकी वर्षं सुशीलाबाईंच्या मनात तो वस्तरा कारंज्याकडच्या त्या घरात, एका कोनाड्यात, व्यवस्थित होता. आपल्याजवळ नसला तरी कुठंतरी आहे, असं धरून त्या चालल्या होत्या. त्यांनी फक्त विचारलं, "पयले काहून?"

सीताराम बाल्कनीकडे बघत बोलायला लागला. "तू लग्न होऊन गेली अन् सहा महिन्यात त्याची धार गेली. मले लावता येत नव्हती. कधी शिकलोच नाई मी. तू होती ना. बाबा मले दगडावर बसवे, मी दाबून टाको. गिऱ्हाईकाचे गाल लाल होत. बाबा काई म्हनत नव्हता. एकदाच म्हनला, 'सुशी असती तर.' बस, येवढंच." त्यानं डबा जरा पुढं सरकवला. "तू मांगितला तवा तो बोथट होता. तुया हातात देला असता, तर तू पयले अंगठा लावला असता. चार मानसात. म्हनून तसं बोललो."

"अन् मले वाटलं, मी बाईमानूस म्हनून."

"ते बी होतंच," तो म्हणाला. "खोटं कायले बोलू."

सुशीलाबाई उठून स्वयंपाकघरात गेल्या आणि नळ सोडून उभ्या राहिल्या. त्यांना राग आला होता, चांगलाच आला होता. एवढंसं सांगायला याला चाळीस वर्षं लागली. पण रागाच्या खाली ते तीन शब्द होते, वडिलांचे. सुशी असती तर. त्यांना वाटत होतं, लग्नानंतर त्या घरानं आपल्याला पुसून टाकलं. आणि तिकडं म्हातारा दगडासमोर बसून आपली वाट बघत होता. बघून झालं, मरूनही गेला.

नळाचं पाणी वाहत होतं. त्यांनी ते बंद केलं, गॅसवर पातेलं ठेवलं. कोमट पाणी, साबण, नवऱ्याचा जुना ब्रश आणि तुरटीचा खडा घेऊन त्या बाहेर आल्या.

"सदरा काढ, दादा. बाल्कनीत बस."

त्यानं त्यांच्याकडे पाहिलं. बटणं मात्र त्यालाच काढू दिली त्यांनी, वेळ लागला तरी.

समोर नव्या इमारतींच्या मध्ये उसाचा एक तुकडा अजून उरला होता, त्याच्यावरून ऊन येत होतं. साबणाचा फेस गालाला लावताना सुशीलाबाईंना जाणवलं, आपला हात भावाच्या चेहऱ्याला लहानपणानंतर आज लागतोय.

"मी कधी कुनाच्या गालावर चालवला नाई," त्या म्हणाल्या.

"मी हाय ना सांगाले. कानापासून धर. डाव्या हातानं कातडं वर ओढ. अजून. हां. आता येऊ दे खाली."

वस्तरा उतरला. खुंटं कापली जाण्याचा तो बारीक आवाज त्यांनी दुकानाच्या दारातून हजारदा ऐकला होता. आता तो त्यांच्या बोटांतून येत होता. एक पट्टा स्वच्छ झाला, त्याच्याखाली भावाचा जुना गाल दिसला. डावी बाजू झाली, उजवी झाली. हनुवटीखाली आल्या तेव्हा त्याची मान थरथरायला लागली. तो शरमला. "राहू दे तिकडचं," म्हणाला.

त्यांनी त्याच्या मागं जाऊन त्याचं डोकं आपल्या पोटाशी घट्ट टेकवलं. त्याची थरथर त्यांच्या अंगात शिरली. काही वेळ त्या नुसत्या उभ्या राहिल्या, तिची चाल समजून घेत. दोन कंपांच्या मध्ये एक लहानशी शांत जागा यायची, श्वासाएवढी. त्या जागेत त्यांनी वस्तरा चालवला. मग थांबल्या. पुन्हा जागा आली, पुन्हा चालवला. गळ्याची दाढी करायला पाऊण तास लागला. एका ठिकाणी टोचलं, रक्ताचा मोहरीएवढा थेंब आला. त्यांनी तुरटी लावली.

सीतारामनं हाताची पालथी बाजू दोन्ही गालांवरून फिरवली. "डाव्या कल्ल्याखाली चार केस रायले," तो म्हणाला. त्यांनी ते काढले. मग तो उन्हात खुर्चीवरच झोपून गेला.

पुढचे तीन आठवडे एक दिवसाआड हेच चाललं. दाढी करताना तो गावातल्या चेहऱ्यांबद्दल बोलायचा. पाटलांच्या मानेवर भोवरा कुठं होता, शाळेच्या हेडमास्तरांचा डावा गाल कसा आत बसायचा. ती माणसं कधीच गेलेली, पण त्यांचे गाल त्याला पाठ होते. एका बुधवारी त्या त्याला जुन्या बाजारात घेऊन गेल्या. शमशुद्दीननं त्याचा तुळतुळीत चेहरा निरखून विचारलं, "भाऊसाहेब, कुठल्या सलूनमध्ये जाता आपण?"

"बहिनीच्या," सीताराम म्हणाला.

शमशुद्दीननं आपल्या गालावरून हात फिरवला आणि सुशीलाबाईंकडे पाहिलं. "आणि आम्ही सहा वर्षं नुसता मालच पुरवतोय," म्हणाला.

गोळ्यांनी थोडा फरक पडला. चहा सांडेनासा झाला. मग भाचा न्यायला आला. निघायच्या आधी सुशीलाबाईंनी डबा उघडून सांगितलं, तुला आवडेल तो घेऊन जा. त्यानं शिसवी मुठीचा एक उचलला, उघडला, मिटला आणि परत ठेवला. "तिकडं कोनाच्या हातात देऊ?" म्हणाला. गाडीत बसल्यावर त्यानं काच खाली केली, गालावरून हात फिरवला आणि मुलाला म्हणाला, "चाल."

ती बाल्कनी त्यानंतर सुशीलाबाईंना खायला उठली. काम करताना त्यांच्या डोळ्यांसमोर एसटी थांब्यामागचं ते दुकान यायचं, पण जसं होतं तसं नाही. एका बाजूला दादा गिऱ्हाइकाच्या गालाला फेस लावतोय, दुसऱ्या बाजूला त्या दगडापाशी बसल्यात, वडील मध्ये उभे आहेत आणि कुणालाच काही सांगावं लागत नाहीये. तसं एक वर्षभरही कधी घडलं नव्हतं. होऊ शकलं असतं. अवघड नव्हतं काही.

ऑगस्टच्या शेवटी एका सकाळी सीतारामचा फोन आला. इकडचं तिकडचं बोलणं झालं. सोयाबीन बरं आहे, सूनबाई बरी आहे, गोळ्या चालू आहेत. मग त्यानं एकदम विषय बदलला.

"नऊ दिवस झाले," म्हणाला.

"कशाले?"

"असंच. पोरगा म्हनते तालुक्याले चला, दुकानात दाढी करून आनतो. मी म्हटलं, राहू दे."

सुशीलाबाईंनी फोन दुसऱ्या कानाला लावला. पलीकडे कुठंतरी कोंबडं ओरडत होतं.

"दिवाळीले येते मी," सुशीलाबाई म्हणाल्या.

"ये," तो म्हणाला. "खुर्ची पुसून ठेवतो."

फोन ठेवून त्यांनी भिंतीवरचं कॅलेंडर पाहिलं. दोन पानं उलटली, तरी दिवाळी आली नाही. तिसरं पान उलटलं.